कादंबरी लिहितोय: बोरीकाठची तीन भावंडं, १९३६ ते १९४६ (खान्देशातल्या जाणकारांनी मदत करा)

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं एक कादंबरी लिहितोय. आता गाडा अशा जागी रुतलाय की एकट्याने ढकलून निघत नाही, म्हणून इथे आलो.

गोष्ट अमळनेर तालुक्यातली. गाव काल्पनिक, नदी खरी: बोरी. थोरला नारायण, मधली सुभद्रा (घरात सुभी), धाकटा विठ्ठल. सुरुवात डिसेंबर १९३६ला, फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनापासून. बाप तिघांना घेऊन निघतो. अमळनेरहून गाडीने जळगाव, तिथून जी.आय.पी. रेल्वेने भुसावळ, मग सावदा, पुढे बैलगाडी. शेवट १९४६च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. मधल्या दहा वर्षांत नारायण प्रताप मिलमध्ये लागतो आणि १९४१च्या जानेवारीत पलटणीत जातो. सुभीचं लग्न १९४०त. विठ्ठल नंदुरबारला मामाकडे शिकायला राहतो आणि बेचाळीसच्या चळवळीत सापडतो.

एका प्रकाशकांना पहिली शंभर पानं दाखवली. म्हणाले, भाषा गोड आहे, पण लढाई कुठंय? युद्धकाळातली कादंबरी म्हणता आणि एक बाँब पडत नाही. आता खान्देशात बाँब पडलाच नाही तर मी कुठून पाडू? तरी त्यांच्या नादाने नारायणला आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर लढवलं, शौर्यपदक दिलं, आणि धाकट्याला भुसावळच्या दारूगोळा कारखान्यात घुसवून तिथे घातपात करवला. वाचून बायको म्हणाली, हे आपल्याकडचं वाटत नाही.

शेवटच्या प्रसंगात तर पारच अडकलोय. फौजेतला भाऊ आणि चळवळीतला भाऊ सेहेचाळीसच्या आखाजीला एकाच ओट्यावर समोरासमोर येतात. मी तिथे सहा पानांचा वाद लिहिलाय: देश, इमान, इंग्रज, भाकरी. सहाही पानं खोटी वाटतात. घरात कोणी त्या काळातलं सांगणारं असेल तर बारीकसारीक काहीही लिहा.

भुसावळ_जंक्शन

कारखाना आधी काढा राव! भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ची, वरणगावची १९६४ची. तुमचा विठ्ठल त्रेचाळीसमध्ये जिथे सुरुंग लावतोय तिथे तेव्हा बाभळी असतील.

आमचे वडील लोको शेडला होते. लढाईत भुसावळ म्हणजे गाड्याच गाड्या. वाघिणी (मालडबे) सगळ्या लष्कराच्या मालाला जुंपलेल्या, व्यापाऱ्याला वाघीण मिळायची मारामार. आमचे आजोबा सावद्याचे. ते सांगायचे, केळीचे घड स्टेशनावर आणून टाकायचे आणि वाघिणीची वाट बघत बसायचं. दोन दिवस, तीन दिवस. केळी काही वाट बघत नाही. पिवळी पडली की तिथेच गुरांना. लढाई दाखवायचीय ना प्रकाशकांना? तो वास दाखवा.

डॉ. फौजदारी डाळ

वाचतोय. खुर्ची राखून ठेवली आहे.

पलटणवाला

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, निवृत्त. आमच्याकडे पलटणीचा इतिहास पाठ करून घेतात, म्हणून सांगतो. केरनची लढाई फेब्रुवारी-मार्च १९४१ची. जानेवारीत भरती झालेला पोरगा तोपर्यंत बेळगावला कवायतच शिकत असणार. पदक काढून घ्या त्याचं.

दुसरं, खान्देशातून मराठा पलटणीत भरती तशी कमी. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर हा आमचा पट्टा. पण तुमचा नारायण गिरणीतला आहे, यंत्रावर काम केलेला असेल तर फिटर म्हणून सहज घेतील. लढाईला बंदूकवाले लागतात त्याहून जास्त मोटारी दुरुस्त करणारे लागतात. त्याला वर्कशॉपमध्ये टाका आणि लिबियातल्या टोब्रुकला पाठवा. २१ जून १९४२ला टोब्रुक पडलं, तेव्हा मराठ्यांची दुसरी बटालियन तिथेच कैद झाली. कैदी समुद्रापार इटलीत नेले. घरी पहिल्यांदा कळतं ते एवढंच, की माणूस बेपत्ता आहे. जिवंत आहे की कसं, हे समजायला महिनेच्या महिने.

बोरीकाठ

पलटणवाला साहेब, सॅल्यूट. केरन गेलं. पदकही गेलं. भुसावळकाका, कारखाना पाडला.

रोखठोक

इंग्रजांच्या पगारावर लढायला गेलेल्याचं एवढं कौतुक कशाला? नंदुरबारला पोरं छातीवर गोळ्या झेलत होती आणि हा त्यांच्याच मालकांच्या मोटारी दुरुस्त करत होता. कादंबरीकाराने बाजू घ्यायला पाहिजे.

पलटणवाला

घ्या की बाजू. त्या लढाईत हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली आणि सक्तीची भरती एकाचीही नव्हती. पंचवीस लाख माणसं काय इंग्रजावरच्या प्रेमाने गेली? घरी मनिऑर्डर येणार म्हणून गेली. माझा आजा असाच गेला. त्याला आयुष्यात कोणी देशद्रोही म्हणालं नाही, कारण त्याच मनिऑर्डरीवर आख्खं घर जेवत होतं.

संपादक मंडळ

रोखठोक, पलटणवाला, हा विषय वेगळ्या धाग्यावर. इथे कादंबरी.

नाणेवाला

मी नाणी जमवतो, तेवढ्यापुरतं बोलतो. लढाई खेड्यात पहिल्यांदा शिरली ती कनवटीतून.

१९४०ला रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्याच साली एक रुपयाची कागदी नोट आली. १९४१ला व्हिक्टोरियाचा रुपया चलनातून काढला, मग एडवर्डचा, मग १९४३ला पंचम जॉर्जचा. म्हणजे सुभीच्या आईने लग्नासाठी गाडग्यात पुरून ठेवलेले राणीछाप रुपये एक दिवस बाजारात चालेनासे झाले. चांदीच्या भावाने सोनाराकडे जायचे ते. शहाण्या बाया मात्र हलल्या नाहीत, पुरलेले तसेच राहू दिले.

मग सुटे गायब. तांब्याची लढाईला गरज, म्हणून १९४३ला भोकाचा पैसा निघाला, मधे हे मोठं भोक. आमच्या आजीने ते पैसे करगोट्यात ओवले होते. आजोबा गिरणीच्या यंत्राला वॉशर म्हणून लावायचे, कारण वॉशर विकत घ्यायला पैशापेक्षा महाग पडायचा!

तुमच्या कादंबरीत १९३८ला पोराच्या हातात भोकाचा पैसा दिलात तर माझ्यासारखा एक तरी वाचक पुस्तक मिटेल. सांभाळा.

बोरीकाठ

दिला होता हो. सदतीसच्या जत्रेत. खोडतो आत्ताच.

असोद्याची लेक

दादा, तुमचा धागा आजीला वाचून दाखवला. आजी पंच्याण्णवच्या पुढे आहे, कान गेलेत पण ओरडून वाचलं तर ऐकते. असोद्याचीच, बहिणाबाई ज्या गावच्या लेक. आजीचं पहिलंच वाक्य: "सन काय सांगतो, आखाजी सांग."

मला आधी कळलं नाही. मग विचारत गेले तेव्हा उलगडलं. तिच्या डोक्यात १९४१, १९४२ असं काही नाहीच. "थोरला गेला ती आखाजी", "भाव चढला ती आखाजी", "झोका नाही बांधला ती आखाजी" असं सगळं. सासरी गेलेली पोरगी वर्षातून हक्काने माहेरी यायची ती तेव्हाच. लिंबाला झोका, गौराईची गाणी, आमरस, खापरावरचे मांडे, सांजोऱ्या. सालदाराचं सालही आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं. मग माझ्या मनात आलं, तुमची सुभी लग्न होऊन गेलीय ना? तिच्या डोळ्यांनी सांगायचं तर ती घर फक्त आखाजीलाच बघणार. दर वर्षी आली की काहीतरी कमी झालेलं. एका वर्षी थोरला नाही. पुढच्या वर्षी धाकट्याचं बोलणं बंद. एकदा मांड्यांना गहू नाही. कंदील आहे पण काच काळी नाही, कारण पेटवलाच नाही. मधलं वर्षभर तिला कोणी काही सांगत नाही, तिलाच बघून ओळखायचंय.

एक्केचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत सहाच आखाजी होतात. सहा भाग करा!

वाचनवेडी

असोद्याच्या लेकीला +१००. दादा, उठा आणि पहिल्यापासून लिहा.

बोरीकाठ

चार वर्षं लिहिलेलं सगळं एका ओळीत उडवलंत ताई. रात्रभर झोप नाही. पण बरोबर आहे तुमचं. प्रकाशकांची लढाई सुभीला कधी दिसणारच नाही.

डॉ. फौजदारी डाळ

आजींना कादंबरीचं निम्मं मानधन.

जिभाऊ

मी पारोळ्याकडचा, अहिराणी घरचा. बोरीकाठ भाऊ, भाषेचं बघा बरं. अमळनेरच्या खेड्यातली माणसं घरात "मी येतो हं" म्हणत नाहीत. आई पोराला विचारील, "कवय येशी रे भो?" आणि सुभी सासरी तावडी बोलीच्या मुलखात दिली असेल तर ती दोन-तीन वर्षांत अशी बोलायला लागेल की माहेरी भाऊ चेष्टा करतील. विठ्ठल नंदुरबारला मामाकडे राहतो म्हणजे त्याच्या तोंडात गुजरातीही येणार. एका घरातली तीन भावंडं, आखाजीला एकत्र आली की तिघांच्या तीन बोली. तुम्ही तिघांनाही पुस्तकी मराठी दिलीत तर कशाला खान्देशात लिहायचं?

एक सुचवतो, जमलं तर घ्या. आखाजीला पितरांच्या नावाची घागर भरतात. मातीची घागर, वर सांजोरी, आंबा. पलटणवाला म्हणाले तसा नारायण बेचाळीसच्या जूनपासून बेपत्ता असेल, तर त्रेचाळीसच्या आखाजीला घरात एकच प्रश्न असणार. त्याची घागर भरायची का? भाऊबंद सुचवणार, तोंडाने नाही, नुसती एक घागर जास्तीची आणून ओट्यावर ठेवणार. आई ती उचलून पाण्याच्या घागरींत लावून टाकणार. आमच्या घरात असंच झालं होतं, लढाईमुळे नाही, एक चुलता मुंबईला जाऊन नाहीसा झाला होता म्हणून. ती घागर पुढे चार वर्षं पाणी भरायला वापरली. फुटली तेव्हा आजी दिवसभर जेवली नाही.

बोरीकाठ

जिभाऊ, याच्यावर काय लिहू? घेतो. नमस्कार.

पंचांगबुवा

नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ला, हे सगळ्यांना माहीत. मी गणित करून बघितलं. वार बुधवार. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणून सण सगळे उशिरा आले. श्रावणी अमावस्या दहा तारखेला. म्हणजे पोळा दुसऱ्या दिवशी! बाजारात घुंगरं, झुली, बैलांच्या शिंगांचा रंग आलेला असणार. तुमच्या मामाच्या घरी बैल असतील तर पोराला रंग आणायला पाठवलेलं असू शकतं.

दुसरी गंमत. १ सप्टेंबर १९४२पासून सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे केली, लढाईसाठी. १९४५च्या ऑक्टोबरापर्यंत तसंच चाललं. म्हणजे त्या दिवशी घड्याळ आठच दिवसांपूर्वी सरकलेलं. शाळा नव्या टाइमावर, गाडी नव्या टाइमावर, म्हैस जुन्याच टाइमावर. अशा वेळी "दुपारी बारा वाजता" लिहिलंत की विचारायचं, कोणाचे बारा?

डॉ. फौजदारी डाळ

बाराच वाजवलेत बुवांनी.

नंदनगरी

नंदुरबारचा आहे. मोर्चाचा विषय निघाला म्हणून सावकाश लिहितोय.

आमच्याकडे त्या गोळीबारात गेलेल्या शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शाह ही पाच नावं प्रत्येक पोराला पाठ असतात. शिरीषकुमार जन्मला २८ डिसेंबर १९२६ला, म्हणजे त्या दिवशी पंधरा वर्षांचा. "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं" ही घोषणा आजही स्मृतिदिनाला ऐकू येते. गुजराती घोषणा, मराठी मुलूख, हे बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला नाही. (आणि जिभाऊंचं बरोबर आहे, विठ्ठलला गुजराती येणारच.)

तुमच्या सुरुवातीच्या फैजपूर अधिवेशनाची तारीख २७ आणि २८ डिसेंबर १९३६. त्यातल्या २८ला शिरीषकुमार दहा वर्षांचा झाला. मी हे कादंबरीत घाला म्हणत नाही. उगाच योगायोग जोडला की वाचकाला शिवण दिसते.

पण खरं सांगायचंय ते दुसरंच. मोर्चात काय पाच जण नव्हते. पोरंच पोरं होती. गोळ्या सुटल्यावर बाकीची पळाली. आता पंधरा वर्षांच्या पोराने पळायचं नाही तर काय करायचं? माझ्या नात्यातले एक गृहस्थ त्यांतलेच एक. आता नाहीत. आम्ही लहान होतो तेव्हा दर ९ सप्टेंबरला शाळेत कार्यक्रम, हार, भाषणं. त्या दिवशी ते घराबाहेर पडायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, म्हातारा तुसडा आहे. मेल्यावर त्यांच्या बायकोने सांगितलं की त्या दिवशी पळताना त्यांचा हात एका मित्राच्या हातात होता आणि तो त्यांनी सोडवून घेतला होता. मित्र वाचला, पुढे त्याला पोरंबाळं झाली, त्याच गावात राहिला. दोघं रोज भेटायचे. त्या गोष्टीबद्दल दोघांनीही कधी शब्द काढला नाही.

तुमचा विठ्ठल घातपात करणारा नको. तो पळालेला असू द्या. त्याला पोळ्याचा रंग आणायला पाठवलं होतं असं बुवा म्हणाले ना, तो रंगाची पुडी मुठीत घेऊन घरी आलेला असू द्या.

वाचनवेडी

यावर काही लिहवत नाही.

रोखठोक

नंदनगरी, मी वर बाजू घ्या म्हणालो होतो. आत्ता दोनदा वाचलं. पळालेल्या पोराची बाजू घ्या, असं म्हणतो.

बोरीकाठ

दोन दिवस इथे आलो नाही, लिहीत होतो. विठ्ठल पळतो. मुठीत हिंगूळ आहे. घरी येईपर्यंत घामाने ओला होऊन तळहात लाल झालाय. मामी ओरडते, तिला वाटतं रक्त. तो हात धुतो आणि बैल रंगवायला बसतो, कारण रंग आणायला उशीर झाला म्हणून मामा चिडलाय. त्या रात्रीपासून त्याचं बोलणं कमी. त्रेचाळीसच्या आखाजीला सुभी येते तेव्हा तिला एवढंच दिसतं की विठ्ठल पोळ्याचा विषय निघाला की उठून जातो. का, ते तिला अजून माहीत नाही.

म्हणजे आता माझ्याकडे एक फिटर आहे, जो इटलीत तारेच्या कुंपणात होता. आणि एक पोरगा, जो पळाला. शूर कोणीच नाही. प्रकाशक खूश होणार नाहीत.

तापीमाय

उशिरा आले. माझा पिंड इतिहासाचा, म्हणून दोन गोष्टी भर घालते.

फैजपूरचं लिहाल तर नेहरूंच्या भाषणात अडकू नका. ग्रामीण भागात भरलेलं पहिलं अधिवेशन ते. मंडप, कमानी नंदलाल बोस यांनी बांबू, तट्ट्या अशा गावच्याच सामानातून उभ्या केल्या होत्या. शहरातून आलेले लोक ते बघून थक्क. पण सुभीसारख्या पोरीला त्यात काय नवल? तिच्या घरचं कुडाचंच ना. तिला नवल वाटेल ते झेंड्याचं. झेंडा वर जाताना अडकला, तेव्हा शिरपूरकडचा एक तरुण त्या उंच खांबावर चढला आणि त्याने तो सोडवला. दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या दिवसाचं एवढं एकच चित्र उरेल. विठ्ठलला तेच उरू द्या, पुढे पळाल्यावर त्याला तो खांबावरचा माणूस आठवेल.

आणि चवेचाळीस साल विसरू नका. १४ एप्रिल १९४४ला धुळ्याकडच्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, आणि आपल्याकडचे डॉ. उत्तमराव पाटील. त्यांच्या पत्नी लीलाताई पाटील तर तुमच्या अमळनेरच्याच. त्याच दिवशी मुंबई गोदीत स्फोट झाला. आखाजी दहा-बारा दिवसांवर होती. गावात दोन्ही बातम्या एकत्र येऊन त्यांची भेळ झाली असणार. गोदीतल्या जहाजावर कापूस होता म्हटल्यावर आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी आपलाच म्हणून छाती बडवली असेल, पण तो कराचीला भरलेला होता. हे तुमच्या एखाद्या पात्राला चुकीचं सांगू द्या, तुम्ही मात्र चुकू नका.

बाकी, "जळगाव जिल्हा" लिहिलंय ते "पूर्व खान्देश" करा. आणि मुक्ताईनगर नाही, एदलाबाद.

भुसावळ_जंक्शन

तापीमाय, एदलाबाद आठवलंत, बरं वाटलं. आमचे वडील शेवटपर्यंत तेच म्हणायचे.

बोरीकाठ

तापीमाय, घेतलं सगळं. पण शेवट अजून अडलेलाच आहे. सेहेचाळीसची आखाजी. दोघं भाऊ समोर. सुभी दारात. सहा पानांचा वाद फाडून टाकला. आता ओट्यावर नुसती शांतता आहे आणि मला ती पेलत नाही. काय बोलतात हो ते?

असोद्याची लेक

आजीला विचारलं. (तुमच्या सुभीबद्दल रोज विचारते, "तिला पोर झालं का?" म्हणून.)

आजीचेही दोन भाऊ असेच. थोरला मिलिटरीत लॉरीवर होता. मधला बेचाळीसनंतर दोन वर्षं घरी नव्हता, कुठे होता ते आजीला आजही नीट माहीत नाही. ती म्हणते "पसार व्हता" आणि थांबते. लढाई संपल्यावर एका आखाजीला दोघंही घरी. मी विचारलं, मग काय बोलले? भांडले का? रडले का?

आजीला प्रश्नच कळला नाही. काय बोलायचं? झोका बांधायचा होता.

मग सांगितलं ते असं. थोरल्याने येताना मिलिटरीतला एक जाड दोर आणला होता, लॉरी ओढायचा. म्हणाला, यालाच झोका बांधू, हा जन्मात तुटत नाही. मधला म्हणाला, हा फार ताठ आहे, गाठ धरणार नाही, विहिरीवरचा नाडाच बरा. थोरला म्हणाला, तुला गाठीतलं काय कळतं? मधला म्हणाला, दोन वर्षं मी गाठोडंच बांधत होतो. एवढंच. मग दोघंही लिंबावर चढले, एक या फांदीवर, एक त्या. तासभर गाठ मारत बसले. खालून आई ओरडतेय, बाया खोळंबल्यात. शेवटी गाठ बसली आणि पहिल्या झोक्याला आजीला बसवलं.

आणि तो दोर लॉरीचा, त्यात मुरलेलं काळं ग्रीस. आजीच्या अंगावर कंट्रोलचं नवं लुगडं, तीन वर्षांनी मिळालेलं. पाठीपासून मांडीपर्यंत काळा पट्टा. आजी रडायला लागली, आईने दोघा भावांना लाकूड घेऊन अंगणभर पळवलं. थोरला तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप.

आजी हे सांगताना हसत नव्हती. लुगड्याचा राग अजून आहे.

डॉ. फौजदारी डाळ

मी या धाग्यावर आता विनोद करणार नाही.

जिभाऊ

बोरीकाठ भाऊ, व्हयनं तुमनं काम.

बोरीकाठ

ताई, आजींना माझा दंडवत. त्यांची परवानगी असेल तर दोर घेतो. नारायण कैदेतून आलाय, त्याला दोर कुठून मिळाला ते बघावं लागेल. भुसावळच्या बाजारात मिलिटरीचा जुना माल विकायला येत असेल, तिथून घेऊ दे.

एकच विचारा त्यांना. लुगड्याचा डाग निघाला का?

असोद्याची लेक

विचारलं. म्हणते, "घासलेटानं निंघला असता. पन घासलेट व्हतं कुठी?"